पहिल्या मोहिमेसाठी कोणता साप: विषारी, अजगर की नाग?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कल्पित साहसांच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत नव्या खेळाडूंसमोर साप आणायचा ठरवला, की डंजन मास्टरपुढे, म्हणजे खेळ चालवणाऱ्यापुढे, मुख्यतः तीन पर्याय असतात: विषारी साप, अजगर आणि मंत्र जाणणारा नाग. निवडताना आपण आधी चॅलेंज रेटिंग, म्हणजे शत्रू किती अवघड आहे हे सांगणारा आकडा, पाहतो. मात्र त्या सापामुळे खेळाडूला आपल्या पाळीत काय करायला मिळते, हे आधी पाहावे असे माझे ठाम मत आहे. खालचे आकडे 2014 च्या नियमांतील आहेत.

महाकाय विषारी सापाचे रेटिंग 1/4 आणि हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, अवघे 11, त्यामुळे तो पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे नवख्या पात्रांना सहज पेलेल असे वाटते. प्रत्यक्षात तो 10 फुटांवरून दंश करतो, दंशाचे सरासरी नुकसान 6 आणि सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावासाठी टाकलेला फासा, फसला तर विषाचे आणखी 10. सात हिट पॉइंट्सचा जादूगार अशा एका दंशात केवळ बेशुद्ध पडत नाही. शून्यावर पोहोचूनही उरलेले नुकसान त्याच्या कमाल हिट पॉइंट्सपेक्षा जास्त भरत असल्याने तो नियमानुसार जागीच मरतो. तासभर खपून उभे केलेले पात्र फाशाच्या एका दानाने जाते आणि त्या दानाआधी खेळाडूला कोणताही निर्णय घ्यायला मिळालेला नसतो, ही मला या सापाची सर्वांत मोठी उणीव वाटते.

शिवाय आपल्याकडच्या खेळाडूंना हे विष फार सपाट वाटते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या किंवा आरेच्या आसपास वाढलेल्या माणसाला घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते आणि मण्यार रात्री झोपेत चावली तर कित्येकदा दुखतही नाही, हे ऐकून तरी ठाऊक असते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर, तर नाग आणि मण्यार यांचे मज्जासंस्थेवर परिणाम करते. खेळात मात्र सगळ्यांचा मिळून एकच आकडा होतो. विषारी साप हवाच असेल, तर दंशाआधी असा एखादा आवाज ऐकवावा आणि विषाचे नुकसान लगेच न देता तासाभराने द्यावे, म्हणजे उपचार शोधण्याची धावपळ हाच खेळ होतो.

अजगराचे रेटिंगही 1/4 च आहे आणि हिट पॉइंट्स 13 आहेत, पण खेळ पार बदलतो. दादरला आमच्या रविवारच्या टेबलावर मी अजगरासाठी हातभर सुतळी वापरली आणि आवळण्याचा हल्ला लागताच तिचे दोन वेढे योद्ध्याच्या प्रतिमेभोवती घातले, तेव्हा पाचही जण खुर्च्यांवरून उठून नकाशावर वाकले. विळख्यात सापडलेल्याला सुटण्यासाठी आपल्या पाळीतली कृती खर्चून, फासा टाकून एकूण 14 गाठावे लागतात, त्याचे वार कमजोर होतात आणि त्याच्यावरचे हल्ले सोपे होतात. त्याने धडपड करावी की तलवार चालवावी, हे एकाने ठरवायचे, आणि मशाल टाकून मदतीला धावायचे का, हे दुसऱ्याने. अजगर एका वेळी एकालाच आवळू शकतो, म्हणून बाकीचे मोकळे राहतात. चार जणांच्या गटाला असे दोन अजगर पुरतात. महाकाय अजगराचे रेटिंग 2 आणि हिट पॉइंट्स 60 असल्याने तो तिसऱ्या लेव्हलपर्यंत राखून ठेवावा.

नागाची गोष्ट वेगळी आहे. मराठीत फणा काढणारा साप आणि तक्षक-वासुकींचे कुळ या दोहोंसाठी एकच शब्द असल्याने, ‘समोर नाग आहे’ म्हणताच अर्धे टेबल काठी शोधते आणि अर्धे हात जोडते. म्हणून त्याला प्रथम बोलू द्यावे. दुष्ट स्पिरिट नागाचे रेटिंग 8 आणि सज्जन गार्डियन नागाचे 10, त्यामुळे पहिल्या लेव्हलला यांच्याशी लढाई नकोच. मात्र जनमेजयाचे सर्पसत्र आस्तिकाने बोलून थांबवले, ही कथा लहानपणापासून ऐकलेल्या खेळाडूंना नागाशी वाटाघाट करणे सहज सुचते, आणि इथे आपले टेबल नियमपुस्तकाच्या पुढे जाते. स्पिरिट नाग मारला तरी 1 ते 6 दिवसांत पुन्हा जिवंत होतो आणि इच्छा पुरी करणाऱ्या ‘विश’ मंत्राखेरीज त्याला कोणी रोखू शकत नाही. म्हणून तो आणायचाच असेल, तर ही गोष्ट एखाद्या म्हाताऱ्या गावकऱ्याच्या तोंडून खेळाडूंच्या कानावर आधीच घालून ठेवावी.