सत्तरीनंतरचे पाच शिलिंग आणि पोस्टाची खिडकी

कोर्स चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून वाटेल, निवृत्त पोस्टमास्तर नुसती खुसपटं काढतोय.

१९०६ ते १९१४ या काळात ब्रिटनच्या लिबरल सरकारने गरिबांसाठी जे कायदे केले, त्यांवरची ही एका बाईंनी दिलेली आठ भागांची व्याख्यानमाला. मोबाइलवर ऐकायची, वर्गणी ३५० रुपये. आमच्याकडे राजापूर तालुक्यात रेंज शोधायला सड्यावर चढावं लागतं, पण भाग उतरवून ठेवता येतात, त्यामुळे अडलं नाही.

राउंट्रीवरचा भाग सर्वांत सरस. यॉर्कच्या चॉकलेटवाल्या घराण्यातला हा माणूस. घरोघर पाहणी करून त्याने १९०१ साली दाखवलं, की शहरातले सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात आहेत, आणि त्यातल्या कितीतरी घरांत कमावता माणूस रोज राबतो आहे. मजुरीच पुरत नाही. आई, बाप, तीन मुलं, आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स, हा त्याचा जेमतेम जगण्याचा हिशोब बाई वाण्याच्या यादीसारखा उलगडतात. परगावच्या मुलांना पत्र टाकायलाही त्यात पैसा धरलेला नाही. निम्मं गाव मुंबईला असलेल्या आम्हा लोकांना हे चांगलंच झोंबतं.

आता तक्रार. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग पेन्शन सुरू झाली, तीही पोस्टातून. हे बाई दोन मिनिटांत उरकतात! त्याआधी निराधार म्हाताऱ्याने गरीब-कायद्याच्या, म्हणजे कंगालांना मदत देण्याच्या जुन्या कायद्याच्या, स्थानिक पालक मंडळापुढे हात पसरायचा, नाहीतर वर्कहाउस, म्हणजे कंगालांना ठेवून काम करून घेणारं आश्रयगृह, गाठायचं. आता पुस्तिका घेऊन खिडकीशी यायचं, पैसे सरकारी तिजोरीतले. खिडकीशी आलेला माणूस मागायला आलाय की आपलं घ्यायला, हे त्याच्या मानेवरून कळतं. निराधार योजनेचे पैसे देताना मी दोन्ही माना पाहिल्यात. बदल तिथे घडला. बाई मात्र वरच्या सभागृहातले उमराव अर्थमंत्री लॉइड जॉर्जच्या बजेटवर कसे उखडले, यात अर्धा तास रमतात.

जुनी नजर लगेच गेली नव्हती म्हणा. अंगात ताकद असून कामाची टाळाटाळ करत आलेल्यांना पेन्शन नाकारायची तरतूद होतीच, आणि नुकतीच गरीब-कायद्याची मदत घेतलेल्यांनाही सुरुवातीला वगळलं होतं. हे त्यांनी नीट सांगितलंय.

१९११ च्या कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा भाग ठीक. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन, हे लक्षात राहतं. पण डॉक्टर फक्त विमेदाराला, त्याच्या बायकापोरांना नाही, यावर बाईंनी जरा थांबायला हवं होतं. आमच्या घरातून लगेच प्रश्न आला, "मग तिने आजारी पडायचंच नाही की काय?"

शिलिंग म्हणजे किती, हे कुठेच सांगितलेलं नाही. तेव्हा बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. कागदावर लिहून जवळ ठेवा. आणि पहिला भाग सोडून थेट राउंट्रीपासून सुरू केलंत तरी चालेल.