मांजरीच्या पिल्लासाठी घेतलेला ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च : तीन महिने वापरून

ठिपकी घरी आली तेव्हा जेमतेम सात आठवड्यांची होती. नाकाच्या एका बाजूला केस विरळ होते, पण भावंडांशी मस्ती करताना ओरखडलं असेल असं समजून मी तिकडे लक्ष दिलं नाही. पंधराव्या दिवशी माझ्या लेकीच्या, जुईच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा लाल गोल उठला. कड उंच, खवले धरलेली, मधली कातडी जवळजवळ साफ. त्याच कोपरात ठिपकीला घेऊन ती झोपायची. तीन दिवसांनी तसाच एक गोल माझ्या गळ्याखाली आला. गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग.

घरात माझी आईही आहे. सांधेदुखीसाठी तिला प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू आहे, त्यामुळे बघू काय होतं ते, असं म्हणत बसणं मला परवडणारं नव्हतं. पिल्लाच्या अंगावर नेमकं कुठे काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. अतिनील किरणांचा टॉर्च घेतला तो यासाठी, कारण बुरशी शिरलेले केस त्या किरणांत चमकू शकतात.

तोही दुसऱ्या खेपेला नीट मिळाला. पहिला ३९५ नॅनोमीटरचा होता (हे किरणांच्या लहरीच्या लांबीचं माप). त्याचा जांभळा उजेड इतका पडतो की पिल्लू जांभळं, चादर जांभळी, हात जांभळा, आणि जी चमक बघायची ती त्यात बुडून जाते. दुसरा ३६५चा, पुढे काळी काच असलेला. ही काच डोळ्यांना दिसणारा उजेड अडवते आणि अतिनील किरण तेवढे पुढे सोडते. डॉक्टरांकडचा वुड्स लॅम्प याच तत्त्वावर चालतो. रॉबर्ट वुड या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाच्या नावाचा तो दिवा केसांमधली बुरशी शोधायला १९२५ पासून वापरतात. टॉर्च घेताना बाकी काही नाही पाहिलंत तरी ३६५ हा आकडा आणि काळी काच, एवढं पाहाच.

पहिल्या रात्री खोलीच्या खिडक्यांवर जाड चादरी टांगल्या, दिवे घालवले आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटं तशीच बसले. जुईने ठिपकीला टॉवेलात धरलं. टॉर्च अंगापासून दोन-तीन बोटांवर ठेवून तोंडाकडून मागे अगदी सावकाश नेला. नाकाशेजारी, कानाच्या कडेला आणि पुढच्या डाव्या पंजावर केस कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकत होते. अख्खा डाग नव्हे, एकेक केस, मुळापासून. कानाची कड आणि पंजा उजेडात मला अगदी निरोगी वाटले होते. त्या क्षणी टॉर्चचे पैसे वसूल झाले.

शेपटीवरही काहीतरी चमकलं आणि पोटात गोळा आला. पण ते निळसर पांढरं होतं, फुंकर मारताच उडालं. कापसाचा धागा. कोंडा, धूळ, मलमाचा थर, सगळं असंच निळसर दिसतं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी फोनवर आधीच बजावलं होतं, “ताई, येताना मलम बिलम लावून आणू नका, आम्हाला काही कळणार नाही.” त्यांनी चमकणारेच केस उपटून तपासणीला घेतले आणि सगळ्या अंगावरून नवा कोरा टूथब्रश फिरवून तोही पाठवला. बाराव्या दिवशी उत्तर आलं, मायक्रोस्पोरम कॅनिस. मांजरांकडून माणसाला होणारं गजकर्ण बहुतेक वेळा हीच बुरशी देते.

आता टॉर्च कुठे उपयोगाचा नाही तेही सांगायला हवं. तो जुईच्या हातावर धरला तर काहीच चमकलं नाही, आणि मी वेड्यासारखी खूश झाले. चमक बुरशी शिरलेल्या केसात असते, उघड्या कातडीवरच्या गोलात ती दिसत नाही. शिवाय उंदरांकडून मांजराला लागणारी ट्रायकोफायटन जातीची बुरशी केसातही चमकत नाही. म्हणजे चमकलं तर संशय पक्का धरा, नाही चमकलं म्हणून पिल्लाला निरोगी ठरवू नका.

त्या खुशीत मी औषधाच्या दुकानातून मिळालेलं मिश्र मलम जुईला लावत राहिले. त्यात स्टेरॉइड होतं. चार दिवस लाली गेली, खाज थांबली, मग गोल दुप्पट झाला आणि कड पुसट झाल्यामुळे ओळखूसुद्धा येईना. त्वचेच्या डॉक्टरांनी खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, ते मलम बंद करायला लावलं आणि क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं साधं मलम दिलं. दिवसातून दोनदा, डागाच्या कडेबाहेर बोटभर. तिसऱ्या आठवड्यात डाग दिसेनासा झाला, तरी चौथा आठवडा पूर्ण केला. माझाही तसाच गेला. आईला काही झालं नाही. तिने ठिपकीला हात लावायचा नाही हे आम्ही दोघींनी कडक पाळलं.

पिसवा या उजेडात कळत नाहीत. जुईच्या घोट्यांवरच्या खाजऱ्या फोडांचं कारण मला ओल्या पांढऱ्या कागदावर कळलं. ठिपकीला त्यावर विंचरलं, पडलेले काळे कण विरघळून तांबडे झाले. ती पिसवांची विष्ठा, आणि तीच नखांत अडकून ओरखड्यातून अंगात गेली तर बार्टोनेला जंतूने बगलेत गाठ येऊ शकते. म्हणून पिसवांचं औषध त्याच दिवशी सुरू केलं.

मला टॉर्चचा सर्वांत आवडलेला उपयोग नंतरचा. ठिपकीला इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध एक आठवडा रोज, एक आठवडा बंद, असं चालू होतं आणि आठवड्यातून दोनदा चुना-गंधकाच्या पाण्याने भिजवायचं होतं. कुजक्या अंड्यांचा वास घरभर. आपण या जिवाला उगाच छळतोय असं वाटायचं. पण दर रविवारी अंधारात बघायचे तेव्हा हिरवा भाग मुळाकडून टोकाकडे सरकलेला असायचा, कारण खालून नवा, स्वच्छ केस येत होता. पाचव्या रविवारी नाकाशेजारी दोनच केसांची टोकं हिरवी उरली. ठिपकी मोकळी झाल्याचा निर्णय मात्र टॉर्चवर घेतला नाही. टूथब्रशची तपासणी दोनदा स्वच्छ आल्यावरच तिच्या खोलीचं दार उघडलं.

सोफ्यावर, गादीवर हा उजेड मारत बसू नका. तिथे इतके धागे चमकतात की काही ठरवता येत नाही. तिथे केस झाडून उचलणं, कपडे दोनदा धुणं हेच कामाचं, कारण या बुरशीचे बीजाणू गळलेल्या केसांत महिनोन्‌महिने टिकतात.

बांधणी भक्कम आहे, बटण अंधारातही सापडतं, बॅटरी एका तपासणीला सहज पुरते. पाच ताऱ्यांपैकी चार देते. एक कापला कारण पेटीत संरक्षक चष्मा नाही, हे किरण डोळ्यांत जाऊ देऊ नका असा इशाराही नाही, आणि तो धरून मी माझ्या लेकीला आणि पिल्लाला समोर बसवलं होतं. चष्मा वेगळा घेतला. पिल्लाचे डोळे मी तळहाताने झाकते.