फळी, कॅनव्हास आणि भोपळ्यावर जलरंगातले पक्षी: तयार ग्राउंड वापरल्यानंतरचा अनुभव

कागद सोडून इतर कशावर जलरंग थेट लावला तर तो धरत नाही. प्लायवर फिसकटतो, कॅनव्हासवर थेंबथेंब होऊन बसतो, भोपळ्यावरून तर ओघळूनच जातो. त्यासाठी जलरंगाचं ग्राउंड नावाचं पांढरं, दाट अॅक्रिलिक मिळतं. ते लावलं की पृष्ठभाग पाणी शोषायला लागतो. दोन कंपन्यांची ग्राउंड सांगलीत उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरली. एक गुळगुळीत, दुसरं किंचित खरखरीत, एवढाच फरक. बाकी गुण-दोष सारखेच, म्हणून नावं देत नाही.

लावण्यात घाई केली की सगळं बिघडतं. पहिला कोट थोडं पाणी घालून पातळ, रुंद चपट्या ब्रशने. तो हाताला कोरडा लागला की दुसरा कोट आडव्या दिशेने, म्हणजे ब्रशच्या रेघा मोडतात. तरीही राहिलेल्या रेघांवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसायची. रेघा राहिल्या तर रंग नेमका त्या खाचांत साठतो आणि पक्ष्याच्या पाठीवर नको तिथे पट्टे उमटतात.

सुकायला किमान २४ तास, खरं तर ७२ तास द्यावेत. एप्रिल-मेच्या सांगलीत वरचा पापुद्रा तासाभरात कोरडा वाटतो, पण आत ओल असते. पावसाळ्यात तर ७२ तासही कमी पडतात. ग्राउंड गालाला लावून पाहा: गार लागलं तर अजून ओलं आहे. मग कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकायचा. पसरून मुरला तर काम सुरू करा. मणी होऊन उभा राहिला तर पृष्ठभागावर तेलकटपणा आहे किंवा ग्राउंड कमी पडलंय, आणखी एक कोट हवा.

आता मुख्य मुद्दा. खंड्याचंच घ्या. कागदावर त्याचे निळे पंख तीन-चार पातळ लेअरमध्ये चढवतात. ग्राउंडवर दुसऱ्या लेअरचा ओला ब्रश फिरला की खालचा रंग सुटून वर येतो आणि निळ्याचा चिखल होतो. कागदात रंगाचे कण तंतूंमध्ये जाऊन अडकतात. इथे ते वरच्या वर, डिंकाच्या जोरावर बसलेले असतात. म्हणून क्रम रंगाच्या स्वभावावर ठरवावा लागतो. खाली डाग धरणारा रंग, म्हणजे थॅलो ब्ल्यू ग्रीन शेड (ट्यूबवर पीबी १५:३ हा रंगद्रव्याचा क्रमांक लिहिलेला असतो), आणि तो पूर्ण सुकू द्यायचा. वर अल्ट्रामरीन, पीबी २९, जाडसर कालवून, एका जागी एकदाच. उलट क्रमाने केलं तर अल्ट्रामरीन उठून थॅलोत मिसळतो. खांद्यावरचा काळसर पट्टा सगळ्यात शेवटी, ब्रश टिपकागदावर टिपून, जवळजवळ कोरडा.

रंग सुटतो हीच गोष्ट दुसरीकडे कामाला येते. डोळ्यातली चमक कागदावर राखून ठेवावी लागते; इथे डोळा बिनधास्त भरा, सुकू द्या, मग शून्य नंबरच्या ओलसर ब्रशचं टोक टेकवून टिशूने टिपा. पांढरा ठिपका स्वच्छ मिळतो. खंड्याच्या पांढऱ्या गळ्यावर डोक्याचा तपकिरी उतरला तर ओल्या चपट्या ब्रशने उचलता येतो आणि कड मऊ होते, ती पिसांना शोभतेच. मात्र थॅलो गळ्याच्या जवळ जाऊ देऊ नका. तो पूर्ण निघत नाही, हिरवट झाक राहते.

सगळ्यात कमी कटकट कॅनव्हासची. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीच्या) कडा पाणी पिऊन फुगतात, त्यांना आधी अॅक्रिलिक मीडियमचे (बिनरंगी अॅक्रिलिकचे) दोन हात द्यावेत; पातळ फळी असेल तर मागच्या बाजूलाही, नाहीतर ती वाकते. सागवानाचं दुखणं वेगळं: लाकडातला तपकिरी अंश ओल्या ग्राउंडमधून वर येतो आणि पांढऱ्यावर पिवळट डाग पडतात. त्यावर स्पिरिटमधल्या चपड्याचे (लाखेचे) दोन हात चालतात, पण मेण काढलेला चपडाच हवा. साध्यावर ग्राउंड नीट चिकटत नाही, सोलून येतं.

भोपळ्याचा प्रयोग सतार-तंबोरे बनवणारं मिरज जवळ असल्यामुळेच सुचतो. तंतुवाद्यांना लागतात तसले मोठे, टणक भोपळे नाही मिळाले तरी वाळलेला छोटा भोपळा छान चालतो. त्याची साल मेणचट असते. १८० नंबरच्या पॉलिश पेपरने ती चमक पूर्ण घालवायची, स्पिरिटने पुसायचं, मग ग्राउंड ब्रशने न ओढता स्पंजाने थापटत लावायचं. भोपळा चुंबळीवर ठेवा, म्हणजे लोळत नाही आणि फिरवताही येतो. गोलाईवर मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, टिकत नाही, पाणी खाली जाऊन दाट कड पडते. तळहाताएवढा भाग आडवा धरून रंगवायचा, सुकला की फिरवायचा. लांब मानेचे पक्षी इथे खुलतात. मायणीच्या तलावावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांची (फ्लेमिंगोंची) वळलेली मान गोलाईबरोबर जाते. रोहितच्या गुलाबीसाठी बरेच जण ऑपेरा पिंक घेतात. तो घेऊ नका. या कामावर काच नसते, उजेड थेट लागतो आणि ऑपेरा लवकर उडतो. क्विनाक्रिडोन रोझ, पीव्ही १९, टिकतो.

काच नसल्यामुळे वॉर्निशला पर्याय नाही. ओला हात लागला तरी रंग निघतो. आधी स्प्रे वॉर्निश, साधारण फूटभर अंतरावरून, तीन-चार हलके थर, प्रत्येकामध्ये पंधरा मिनिटं. थेट ब्रशने वॉर्निश लावलं तर रेखलेली पिसं पुसली जाण्याचा धोका असतो. स्प्रेचे थर बसल्यावर ब्रश चालेल. पावसाळी दमट हवेत स्प्रे करू नका, वर पांढुरकी साय धरते. वॉर्निशनंतर रंग गडद दिसतात, म्हणून छटा अर्ध्या पट्टीने फिक्या ठेवा.

ग्राउंड महाग आहे आणि डबा उघडल्यावर कडेला वाळून त्याच्या खपल्या पडतात. त्या मिश्रणात गेल्या तर गाठी उमटतात. नवा डबा आणला की लगेच दोन-तीन लहान बाटल्यांत भरून ठेवा आणि शेवटचा चौथा हिस्सा मलमलीतून गाळून वापरा.