स्वयंसेविकांच्या हाती संकेतस्थळ: वर्डप्रेस की जेकिल?

ऐरोली-महापे पट्ट्यात नोकरी करून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला परतणाऱ्या मैत्रिणी तंत्रज्ञ महिलांच्या आपल्या गटाचे संकेतस्थळ फावल्या वेळात सुधारणार असतील, तर निवड बहुधा वर्डप्रेस आणि जेकिल या संकेतस्थळ बनवण्याच्या दोन साधनांत होते. २००३ पासून चालत आलेल्या वर्डप्रेसमध्ये कार्यशाळेची तारीख बदलणे कोडचा गंध नसलेल्या स्वयंसेविकेलाही जमते. मात्र पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती), डेटाबेस आणि प्लगइन (जादा सोयींसाठी जोडलेले छोटे प्रोग्राम) कोणीतरी सतत अद्ययावत ठेवावे लागतात, आणि ते पाहणारी सदस्या बदली होऊन पुण्याला गेली, की जुन्या प्लगइनमधून घुसखोरीला वाट मिळते. जेकिलने बनवून गिटहब पेजेसवर (कोड ठेवण्याच्या गिटहब या सेवेची संकेतस्थळे चालवण्याची सोय) ठेवलेले स्थिर, म्हणजे डेटाबेसशिवाय आधीच तयार पानांचे, संकेतस्थळ या काळजीतून बरेचसे मुक्त असते. सार्वजनिक रिपॉझिटरी (फाइलींचा साठा) असल्यास होस्टिंगचा खर्च नाही, प्रत्येक बदलाची नोंद राहते, आणि नवशिक्या मुलीने पाठवलेली पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) अनुभवी सदस्या तपासून, शेरे देऊन मगच स्वीकारते, त्यामुळे दुरुस्तीबरोबर प्रशिक्षणही घडते. नोंदणी व शुल्क घेणे वर्डप्रेसला सोपे. जेकिलला बाहेरची सेवा जोडावी लागते. गिट (बदलांची नोंद ठेवणारे साधन) न येणाऱ्यांची अडचण होते, हे आयोजक सहसा विसरतात. तरीही अशा गटासाठी माझा कल जेकिलकडेच आहे. केवळ मजकूर देणाऱ्यांना गिटहबवर ब्राउझरमधूनच मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडलेल्या मजकुराची) फाइल बदलायला शिकवावे.