गोक्योच्या तळ्यांना निघालो आणि काठमांडूच्या हॉस्पिटलात पोचलो – स्वस्त ट्रेक पॅकेजवाल्यांपासून सांभाळा

नेपाळमध्ये गोक्यो लेक्सचा ट्रेक करायचा प्लॅन असेल आणि कोणी बाकीच्यांपेक्षा जवळजवळ अर्ध्या रेटमध्ये पॅकेज देत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. लांब झालंय, पण मधलं गाळून थेट खाली जाऊ नका, कारण फसवायची सगळी पद्धत मधेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गोक्यो म्हणजे सगरमाथा नॅशनल पार्कातली तळी, साधारण ४७०० ते ५००० मीटर उंचीवर, एकामागे एक, शेजारी न्गोजुम्पा ग्लेशियर पसरलेला, आणि तिसऱ्या तळ्याच्या म्हणजे दूध पोखरीच्या काठावर गोक्यो गाव. तिथून गोक्यो री चढलं की एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि चो ओयू असे चार आठहजारी (आठ हजार मीटरच्या वरची शिखरं) एका जागेवरून दिसतात म्हणे. म्हणे, कारण मी काहीच पाहिलं नाही. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर फार गर्दी असते म्हणून मी आणि माझ्या धाकट्या भावाने हा ट्रेक निवडला, सह्याद्रीत दोघांचंही भरपूर चालणं झालंय, फिटनेसचा प्रश्न नव्हता. ऑनलाइन शोधताना काठमांडूची एक कंपनी सापडली. नाव देत नाहीये, नाव उद्या बदलेल, पद्धत बदलणार नाही.

पॅकेजमध्ये लुक्लाचं विमान (ट्रेक लुक्लापासून सुरू होतो), लॉज, जेवण, गाईड, पोर्टर, परमिट सगळं आत. एवढं स्वस्त कसं विचारलं तर "मॅम, सीझन ऑफर है." परत आल्यावर मी बसून बेरीज केली, विमानाचं तिकीट, परमिट, गाईड-पोर्टरचे रोजचे पैसे, लॉजचा खर्च, तर नुसता खर्चच आम्ही दिलेल्या पैशांच्या वर जातो. म्हणजे ट्रेक त्यांनी तोट्यात विकला होता. तोट्यात धंदा कोणी करत नाही, मग कमाई कुठे, तर ती आमच्या आजारपणात होती. हे एक वाक्य समजलं तरी पुढचं सगळं समजेल.

पहिली गोष्ट इन्शुरन्स. बूट कसले आहेत, याआधी किती उंचीवर झोपलात, दमा-बीपी काही आहे का, यातलं एक अक्षर विचारलं नाही, पण पॉलिसीची कॉपी पाठवा, पॉलिसीत हेलिकॉप्टर रेस्क्यू आहे का बघा, किती उंचीपर्यंत आहे बघा, याचे मेसेज रोज. आम्हाला वाटलं किती प्रोफेशनल लोक आहेत. आता खरं सांगायचं तर चांगल्या कंपन्याही इन्शुरन्स मागतातच आणि तो हवाच, त्यामुळे एवढ्यावरून कोणाला चोर ठरवता येणार नाही. पण तब्येतीबद्दल शून्य प्रश्न आणि पॉलिसीबद्दल पन्नास, हे जरा बघा.

दुसरी गोष्ट छोटी होती. पार्कची एंट्री फी म्हणून आमच्याकडून माणशी ३००० नेपाळी रुपये लावले होते. मोंजोच्या गेटवर बोर्ड वाचला तर ३००० बाकीच्या विदेशी लोकांना, सार्क देशांच्या लोकांना १५००. गाईडला विचारलं तर म्हणे ऑफिस का हिसाब है दिदी. आयसी (भारतीय रुपये) आणि एनसी (नेपाळी रुपये) मध्येही असाच घोळ, आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, आणि प्रत्येक "एक्स्ट्रा" सांगताना रुपये कुठले ते मुद्दाम मोघम. पैसे फार नव्हते म्हणून सोडून दिलं.

आता खरा खेळ आयटिनररीचा, म्हणजे रोज कुठे मुक्काम त्या प्लॅनचा. लुक्ला साधारण २८५० मीटर, तिथून फाकडिंगला उतरायचं, मग नामचे ३४४० मीटर. नामचेला दोन रात्री काढायच्या असतात, मधल्या दिवशी थोडं वर चढून परत खाली झोपायला यायचं, शरीराला सवय होते. साधा नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. आम्हाला काढलेल्या प्लॅनमध्ये नामचेचा रेस्ट डे होता, पण तिथे पोचल्यावर गाईड म्हणतो नामचे महाग आहे, डोलेला आराम करू. सकाळी निघून थेट डोले, म्हणजे चार हजारच्या वर. आणि डोलेला काय, "मौसम खराब होने वाला है, माछेर्मो चलते हैं," ४४७० मीटर. गोक्योच्या दरीत तसंही बेस कॅम्पच्या वाटेपेक्षा उंची पटापट वाढते, त्यात हे. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरच्या, म्हणजे अल्टिट्यूड सिकनेसच्या गोळ्या) आमच्याकडे होत्या, डॉक्टरांना विचारून घेतलेल्या, तर त्या नका घेऊ म्हणाला, त्याने लक्षणं लपतात म्हणे. कुठलाही चांगला गाईड तुम्हाला "बिस्तारै बिस्तारै" (हळूहळू) म्हणून मागे खेचत असतो, आमचा पुढे ढकलत होता.

माछेर्मोला संध्याकाळी भावाचं डोकं दुखायला लागलं. दुखणारच ना. जेवण नको म्हणाला, गार्लिक सूप प्यायला, बाहेरच्या टॉयलेटला स्वतःच्या पायाने जाऊन आला. गाईडने ऑक्सिमीटर आणून त्याच्या बोटाला लावला आणि आकडा माझ्यासमोर धरला. ८२. आता कोविडमधून गेलेल्या कुठल्याही घरातल्या माणसाला ८२ दाखवा, त्याचे हातपाय गार पडणार, आपल्याकडे तेव्हा नव्वदच्या खाली गेलं की बेड शोधायला पळत होतो. कोणी हे सांगितलं नाही की साडेचार हजार मीटरवर ठणठणीत माणसाचाही आकडा ऐंशीच्या घरात असू शकतो. तिथे माझा स्वतःचा ८४ होता, हे मी नंतर लावून बघितलं, आणि तेव्हा गाईडने ऑक्सिमीटर खिशात टाकला.

मग त्याच्या फोनवरून ऑफिसला फोन, ऑफिसमधून कोणीतरी "डॉक्टर" लाइनवर, दोन मिनिटांत निदान, फुप्फुसात पाणी झालंय, रात्रीत काहीही होऊ शकतं, हेलिकॉप्टर बुक करतो. भाऊ म्हणतोय, "अगं ताई, डोकं दुखतंय फक्त, खाली उतरू की." मी विचारलं, उतरू या का, फोर्त्से थांगा ३६८० मीटरवर आहे, काही तासांचीच वाट आहे. तर अंधार आहे, रस्ता धोक्याचा आहे, घोडा मिळणार नाही. आमचा पोर्टर, अगदी कोवळा पोरगा, बाजूला येऊन हळूच म्हणाला, "बिस्तारै झर्नुस्, ठीक हुन्छ," म्हणजे हळूहळू उतरा, ठीक होईल. गाईडने त्याला काहीतरी खेकसून बाहेर पाठवलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, तिथे ती माझ्या डोक्यात आली नाही कारण घाबरवलेल्या माणसाचं डोकं चालत नाही. हेलिकॉप्टर रात्री येत नाही. म्हणजे "रात्रीत काहीही होईल" म्हणणारा माणूस पेशंटला रात्रभर त्याच उंचीवर झोपवून ठेवत होता. फुप्फुसात खरंच पाणी झालं असेल तर पहिला उपाय खाली नेणं, जमेल तसं, टॉर्च लावून, ऑक्सिजन देत, पाठीवर घेऊन, पण त्याच क्षणी. सकाळपर्यंत थांबू शकणारी इमर्जन्सी असेल तर सकाळी चालतही जाता येतं.

सकाळी भावाला बरं वाटत होतं, पॅनकेक खाल्ला त्याने, फोटो आहे माझ्याकडे वेळेसकट. तरी हेलिकॉप्टर आलं. आत आधीच दोघं बसलेले, तेही "क्रिटिकल", आणि एकजण खिडकीतून व्हिडिओ काढतोय. मला म्हणाले तुम्हीपण चला, पेशंटबरोबर घरचं माणूस लागतं, पैसे लागणार नाहीत, इन्शुरन्स है ना.

काठमांडूला उतरल्यावर अँब्युलन्स तयार, एका प्रायव्हेट हॉस्पिटलात नेलं, आणि तिथे भावाबरोबर मलाही बेड दिला. मला काही झालेलं नव्हतं, कडकडून भूक लागली होती फक्त. "ऑब्झर्वेशन" म्हणून सलाइन, रक्त, एक्स-रे, सीटी. फॉर्मवर सह्या घेतल्या, त्यातले काही कोरे होते. मी कोरे का म्हणून विचारलं तर प्रिंटर बंद आहे. भावाचं वोटर कार्ड रिसेप्शनला जमा, बिल सेटल झाल्यावर मिळेल.

डिस्चार्जचे कागद वाचले तेव्हा उलगडा झाला. भाऊ चालू न शकणारा. मीसुद्धा अल्टिट्यूड सिकनेसची पेशंट. आणि हेलिकॉप्टरचं बिल चार हजार डॉलरच्या वर, एकट्या भावाच्या नावावर पूर्ण चार्टर, आणि माझ्या नावावर वेगळं, तेवढंच. त्या दोघा सहप्रवाशांशी लॉबीत बोलणं झालं, त्यांच्याकडेही तसंच आख्ख्या हेलिकॉप्टरचं बिल. एक फेरी, चार चार्टर.

इन्शुरन्स कंपनीला मी तिथून पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, हेलिकॉप्टर बोलवायच्या आधी आमच्या असिस्टन्स नंबरवर का नाही कळवलं. ऑफिसवाला तर म्हणाला होता की आम्ही सगळं कळवलंय. कॅशलेस नामंजूर. वोटर कार्ड सोडवून घ्यायला, आणि विमान चुकू नये म्हणून, क्रेडिट कार्डावर पैसे भरले.

आता कळस ऐका. आमच्याच ग्रुपमध्ये कोलकात्याचा एक मुलगा होता, त्याने घाईत साधी ट्रॅव्हल पॉलिसी घेतलेली, हेलिकॉप्टर कव्हर नाही. त्याला त्या रात्री भावापेक्षा जास्त त्रास होता, दोनदा उलटी झाली. त्याला गाईडने काय सांगितलं? पोर्टरबरोबर सकाळी डोलेला उतर, आराम कर, बरं वाटलं की ये. तो उतरला, बरा झाला, परत चढून गोक्योला पोचला. आजार एक, औषध दोन, आणि फरक फक्त पॉलिसीच्या कागदाचा.

हे काही आमच्याच नशिबी आलेलं नाही हे नंतर वाचून कळलं. २०१८ साली नेपाळ सरकारने या खोट्या हेलिकॉप्टर रेस्क्यूंची चौकशी केली होती, ट्रेकिंग कंपन्या, हेलिकॉप्टरवाले आणि हॉस्पिटलं मिळून कमिशन वाटून घेतात हे त्यात बाहेर आलं, परदेशी इन्शुरन्स कंपन्यांनी नेपाळला कव्हर देणंच बंद करू अशी धमकीही दिली होती. ट्रेकरच्या जेवणात खायचा सोडा घालून पोट बिघडवल्याचे आरोपही तेव्हा बातम्यांत आले होते. आमच्या बाबतीत तसं काही झालं असं मी म्हणणार नाही, आमच्यासाठी नामचेचा रेस्ट डे खाऊन टाकणं पुरेसं होतं.

पण हे वाचून कोणी उलटा अर्थ काढू नका प्लीज. अल्टिट्यूड सिकनेस खोटा नाहीये, त्याने माणसं मरतात, आणि हा रॅकेट चालतो तोच मुळी त्यामुळे. नुसतं बसून असतानाही धाप लागतेय, खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी येतेय, माणूस बरळतोय, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं तर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातोय, तर तिथे कमिशनचा हिशोब करत बसू नका, लगेच खाली न्या आणि हेलिकॉप्टर मिळत असेल तर घ्या. साधी डोकेदुखी, भूक नाही, झोप नाही, तर तिथेच थांबा, वर जाऊ नका, वाढलं तर उतरा. आणि हे ठरवताना ऑक्सिमीटरचा आकडा एकटा धरू नका, ग्रुपमधल्या सगळ्यांचे आकडे घ्या आणि मग बोला.

बुकिंग करताना मी आता काय करेन ते सांगते. प्रत्येक मुक्कामाची उंची लिहून मागेन आणि नामचेच्या दोन रात्री पक्क्या आहेत हे लेखी घेईन. पॉलिसी ट्रेकिंग कंपनीला दाखवेन, पण इन्शुरन्सच्या असिस्टन्सचा नंबर माझ्या आणि बरोबरच्या माणसाच्या फोनमध्ये असेल आणि फोन मीच करेन, गाईडच्या फोनवरून कोणी डॉक्टर बोलला तर त्याचं नाव विचारेन. नामचेला, आणि वर बऱ्याच लॉजमध्ये पैसे देऊन वायफाय मिळतं, त्यामुळे संपर्क होत नाही हे कारण फार चालत नाही. हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधी आत किती लोक आहेत त्याचा फोटो काढेन. आणि सोबत म्हणून जाताना मी पेशंट नाही हे पायलटसमोर, हॉस्पिटलसमोर मोठ्याने सांगेन, कारण ते न सांगितल्याचे परिणाम मी भोगतेय: इन्शुरन्सवाल्यांनी माझा क्लेम तर फेटाळलाच, वर मलाच पत्र पाठवून विचारलंय की आजारी नसताना क्लेमच्या कागदांवर सही का केली. म्हणजे लुटले गेलो आम्ही आणि चोराच्या रांगेतही आम्हीच उभे.

काठमांडूला भृकुटीमंडपात टुरिस्ट पोलिसांचं ऑफिस आहे, शहर सोडायच्या आधी तिथे लेखी तक्रार द्या आणि शिक्क्याची प्रत घ्या. आम्ही घरी येऊन ईमेल करत बसलो, त्याला तेवढं वजन राहत नाही. कंपनीवाला म्हणतो निर्णय गाईडचा, गाईडचा फोन बंद.

भावाचा क्लेम अजून चौकशीत आहे, बँकेकडे कार्डाचा डिस्प्युटही टाकलाय. इन्शुरन्सवाले आणि बँक दोघंही ओरिजिनल रिपोर्ट आणि हेलिकॉप्टरची पॅसेंजर लिस्ट मागतायत, आणि ती देणार कोण, तर तेच हॉस्पिटल आणि तेच ऑपरेटर. कोणी यातून पैसे परत मिळवले असतील तर कुठले कागद चालले तेवढं मला कळवा.