बर्फ कमी पडतोय? ‘गॅस उडाला’ ऐकून पैसे देण्याआधी हे वाचा

फ्रिजमधला आइस मेकर मंदावला आणि घरी आलेला मेकॅनिक पाच मिनिटांत ‘गॅस उडाला’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या माझ्या मावशीकडून याच दोन शब्दांवर ७,४०० रुपये उकळले गेले. घरात ती आणि काका दोघंच. मुलगा बंगळूरला असतो, त्यानं हौसेनं मोठा दोन दारी फ्रिज घेऊन दिला. मागून पाण्याची नळी जोडलेली, बर्फ आपोआप तयार होऊन डब्यात पडतो, असा. असे फ्रिज आता आपल्याकडे बऱ्याच घरांत आले आहेत, पण ते कसे चालतात हे विकणारा सांगत नाही आणि घरातल्या कुणाला ठाऊक नसतं. लुबाडणारे नेमकं तिथेच बोट ठेवतात.

मे महिन्यात डबा भरेनासा झाला. बर्फाचे खडे बारीक, पातळ, काही तर आतून पोकळ. मावशीनं मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर इंदौर’ असं टाकलं आणि सगळ्यात वर दिसलेल्या नंबरावर फोन केला. तो नंबर कंपनीचा नव्हता. पण पलीकडची मुलगी कंपनीचं नाव घेऊनच बोलली, मॉडेल नंबर विचारला, तक्रार क्रमांकही दिला. एवढं सगळं रीतसर झाल्यावर कोण शंका घेईल? थोड्याच वेळात माणूस दारात, गळ्यात ओळखपत्र, हातात पेटी आणि छोटा सिलिंडर.

फ्रिज ओढून त्यानं मागे नुसतं डोकावलं. “आंटीजी, गॅस उड गई है, इसलिए बरफ नहीं जम रही. वॉल्व्ह भी गया.” काकांनी वॉरंटीचं विचारलं, तर म्हणाला, “कंप्रेसर की है अंकलजी, गॅस की नहीं.” हे बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत खरंच असतं. पहिलं वर्ष उलटलं की दीर्घ वॉरंटी फक्त कॉम्प्रेसरची उरते. एक खरी गोष्ट सांगितली की तिच्या आडून बाकीचं खोटं सहज खपतं. मग ‘गॅस है, आप लोग बाहर बैठिए’ असं म्हणून त्यानं दोघांना स्वयंपाकघराबाहेर काढलं. आतून काही वेळ फुस्स असा आवाज येत राहिला. बिल हातात आलं: गॅस चार्जिंग ३०० ग्रॅम ४,२००, इनलेट वॉल्व्ह (आइस मेकरला पाणी सोडणारी झडप) २,६००, व्हिजिट ६००. पैसे क्यूआर स्कॅन करून घेतले. कोड उघडल्यावर नाव आलं ते कंपनीचं नाही, कुणा एका माणसाचं.

दुसऱ्या दिवशी डबा बऱ्यापैकी भरला. मला सगळ्यात जास्त चीड आली ती या गोष्टीची. जाण्यापूर्वी त्यानं फ्रिजवरचं झटपट गोठवण्याचं बटण दाबून ठेवलं होतं आणि काकांना बजावलं होतं, “दो दिन दरवाजा कम खोलना.” ते बटण दाबलं की कॉम्प्रेसर जोरात चालतो, फ्रीझर नेहमीपेक्षा थंड होतो आणि बर्फ लवकर धरतो. काही काळानं ते आपोआप बंद होतं. तोवर घरच्यांची खात्री पटलेली असते की काम झालं.

पुन्हा बर्फ आटला तेव्हा मावशीनं त्याच नंबरावर फोन केला. उत्तर मिळालं की पाइपात लीकेज असणार, परत गॅस भरावा लागेल, पैसे वेगळे. तेव्हा तिनं मला सांगितलं आणि मी आमच्या ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकना घेऊन गेलो. त्यांनी फ्रिजला हात लावण्याआधी एकच गोष्ट विचारली: “आइस्क्रीम कडक राहतंय का?” राहत होतं. खाली दूधही गार होतं. बटण बंद असताना फ्रीझरमध्ये ठेवलेल्या थर्मामीटरनं उणे १८ अंश दाखवले, म्हणजे फ्रीझरमध्ये जेवढे असायला हवेत तेवढेच.

“मग गॅस कुठे गेला?” ते म्हणाले.

फ्रिजमधला गॅस बंद नळीत फिरत असतो. तो वापरून संपत नाही, दरवर्षी भरावा लागत नाही. कुठे तरी गळला तरच कमी होतो, आणि गळला तर एकट्या बर्फावर भागत नाही. दूध-भाजी नीट गार राहत नाही, आइस्क्रीम मऊ पडतं, कॉम्प्रेसर न थांबता घुमत राहतो. फ्रीझर कडक थंड आहे आणि फक्त बर्फ कमी येतोय, तर गॅसचा संशय घ्यायलाच जागा नाही.

मग त्यांनी आतल्या बाजूचं स्टिकर दाखवलं. त्यावर गॅसचं नाव आर-६००ए आणि वजन ६४ ग्रॅम छापलेलं होतं. अख्ख्या फ्रिजमध्ये मावतो ६४ ग्रॅम आणि बिलात भरला ३०० ग्रॅम! कॉम्प्रेसरजवळ गॅस भरायची तांब्याची बारीक नळी असते, ती कारखान्यात दाबून बंद केलेली होती तशीच होती. कापल्याची, जोडल्याची कसलीही खूण नव्हती. म्हणजे त्यानं थेंबभरही गॅस भरला नव्हता, नुसती सिलिंडरची चावी उघडून आवाज ऐकवला होता. एका अर्थी हे बरंच झालं म्हणायचं. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, पेटणारा वायू. तो भरायचा तर आधी व्हॅक्यूम पंपानं नळ्या रिकाम्या कराव्या लागतात आणि वजनकाट्यावर मोजून भरावा लागतो. पंप आणि काटा न आणता कुणी गॅस भरायला निघाला, तर त्याला फ्रिजजवळ जाऊ देऊ नका. बिलातला ‘नवा’ वॉल्व्हही जुनाच होता, त्यावर क्षाराचा पांढरा थर जसाच्या तसा.

खरी अडचण पाण्यात होती. आइस मेकरचा वॉल्व्ह दर फेरीला काही सेकंदच उघडतो. तेवढ्या वेळात साचा भरला पाहिजे. त्यासाठी अशा बहुतेक फ्रिजना साधारण १.४ बार दाब लागतो. गच्चीवरची टाकी दर १० मीटर उंचीला १ बार देते, म्हणजे दुमजली घरात तळमजल्यालासुद्धा तेवढा दाब मिळत नाही. म्हणून मावशीकडे नळीवर छोटा प्रेशर पंप बसवलेला आहे. तो ठीक होता. पण उन्हाळ्यात नर्मदेचं पाणी अपुरं पडलं की टाकीत बोरिंगचं पाणी चढतं, आणि त्या क्षाराच्या, गाळाच्या पाण्यानं फ्रिजमागचा फिल्टर चोंदून गेला होता. साचा अर्धाच भरायचा, म्हणून खडे पातळ आणि पोकळ. हा फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो, हे त्या दोघांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. नवा फिल्टर दोन हजारांच्या आत बसला आणि बर्फ पूर्ववत पडू लागला.

घरी तपासायचं तर डिस्पेन्सरखाली कप धरा. दहा सेकंदांत पाऊण कपाच्या आसपास पाणी यायला हवं. धार बारीक असेल तर फिल्टर आणि नळी बघा. नळी कुठे मुडपली असेल तरी हेच होतं. पाणी ठीक असेल तर दाराचं रबर नीट चिकटतंय का ते पाहा. डब्यात बर्फाचे गठ्ठे झाले असतील तर ते फोडा, कारण बर्फ किती साचला हे पाहणारी पट्टी गठ्ठ्याला अडकली की मशीन डबा भरला असं समजून थांबतं. आणि मे महिन्यात थोडी मंदी येणारच. ४० अंशांचं टाकीतलं पाणी गोठवायला २० अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त उष्णता काढावी लागते. त्याला बिघाड म्हणत नाहीत.

कंपनीचा नंबर शोधयंत्रात शोधूच नका. तो वॉरंटी कार्डावर आणि माहितीपुस्तिकेत असतो. बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजून पाहा: १५ अक्षरं-आकडे असतात आणि मध्य प्रदेशातल्या नोंदणीचा क्रमांक २३ नं सुरू होतो. मावशीच्या बिलावर एकूण १३ च अक्षरं-आकडे होते. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे तेही दिसतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. नोंदणी असलेल्या दुकानानं किंवा सर्व्हिस सेंटरनं असं केलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

मावशीची तक्रार १९३० वर नोंदली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. तो नंबर शोधात आजही दिसतो, चुकीचा म्हणून आम्ही कळवला आहे, तुम्हाला दिसला तर तुम्हीही कळवा. इंदुरात कुणाकडे असंच दोन-तीनशे ग्रॅम गॅसचं बिल पडलेलं असेल तर ते फेकू नका. आधी फ्रिजच्या स्टिकरवरचे ग्रॅम बघा, दोन्हींचा फोटो काढा, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जोडा आणि तक्रार करा.