सुईला पाच स्टार, काउंटरला दोन

ल्युपसनं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारानं, माझी किडनी धरली त्याला यंदा पाच वर्षं होतील. दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी द्यायला मी विश्रामबागेतल्या एका कलेक्शन सेंटरला जाते. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण काउंटरशी आहे, सुईशी नाही.

आधी सुईचं सांगते. स्टिरॉइडनं माझ्या शिरा पार रुसल्यात. आधीच्या एका लॅबमध्ये दोन्ही कोपरांत चार-चार वेळा टोचून झालं की पोरगी म्हणायची, "ताई, हात सैल सोडा ना." इथल्या बाई काही बोलत नाहीत. माझा हात दोन मिनिटं कोमट पाण्याच्या बाटलीवर ठेवायला लावतात, मनगटाच्या मागच्या बाजूला बोटानं चाचपतात आणि बटरफ्लाय सुई लावतात. एका फटक्यात काम. आता मी ब्लाउज शिवायला बसायच्या आत घरी असते.

लघवीची डबीही नीट. सकाळची पहिली, मधल्या धारेची, असं चिठ्ठीवर मराठीत छापून देतात. पाळीत आणू नका हेही लिहिलेलं असतं. हे मला पूर्वी कुणी सांगितलंच नव्हतं. झाकण मात्र घट्ट बसत नाही, पिशवीत डबी उभीच धरा.

आता काउंटर. जुलैचा रिपोर्ट घ्यायला गेले तर पोरगा म्हणाला, "ताई, डीएस-डीएनए लई वाढलंय बघा." ल्युपस भडकलाय का हे बघायला रक्तात मोजतात ती ही अँटिबॉडी. लाल अक्षरात 210. आधीचा 62. माझे पायच गळाले. पाच वर्षांपूर्वी सुरुवात अशीच होती: पाय सुजलेले, लघवीला फेस, रक्तातली सी-3, सी-4 प्रथिनं घसरून 41 आणि 6 वर, लघवीतून किती प्रोटीन जातंय ते सांगणारा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो 3 च्या वर. मग मिरजेत बायोप्सी, क्लास 4 म्हणजे किडनीच्या सुजेचा गंभीर प्रकार, मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आणि मूठभर गोळ्या. बाहेर गाडीवर बसून मी नवऱ्याला फोन लावला तेव्हा आवाज फुटत नव्हता.

डॉक्टरांनी रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवले. सी-3 94, आधी 96. रेशो 0.3. किडनी कशी चाललीय ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन होतं तिथंच. म्हणाले, सी-3, सी-4 ही प्रतिकारशक्तीची पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनं. आजार भडकला की बऱ्याचदा ती खर्ची पडतात आणि आकडा खाली येतो. तुझी पडलेली नाहीत. शेवटी किडनी काय म्हणते ते लघवीत कळतं, आणि लघवी स्वच्छ आहे. मग चष्मा वर सरकवून खालची बारीक ओळ वाचली: तपासणीची पद्धत बदललेली. सेंटरनं या वेळी सॅम्पल दुसऱ्या लॅबला पाठवलं होतं. वेगळं मशीन, वेगळं किट, वेगळा आकडा. ते दोन आकडे एका रांगेत लावताच येत नाहीत. काहींचं डीएस-डीएनए वर्षानुवर्षं वर असतं आणि किडनी शांत असते, हेही त्यांनी सांगितलं. तरी महिन्यानं लघवी परत करायला लावली, ते बरंच केलं.

एवढं सेंटरनं रक्त घेतानाच सांगायला नको? एक ओळ! त्याऐवजी पोरगा दर वेळी पॅकेज गळ्यात मारतो: व्हिटॅमिन डी, थायरॉइड आणि एएनए, म्हणजे ल्युपस ओळखताना करतात ती अँटिबॉडीची तपासणी. अरे, एएनए एकदा पॉझिटिव्ह आलं की आजार वाढला-कमी झाला हे त्यातून कळत नाही. पुन्हा-पुन्हा कशाला पैसे घालू?

मी तक्रार लेखी दिली. व्यवस्थापकांनी चहा पाजला, जुन्याच लॅबला सॅम्पल पाठवायचं कबूल केलं आणि माझ्या फाइलवर लाल पेनानं तसं लिहिलं. पाळलंही. ऑक्टोबरचा आकडा 64. काउंटरवरचा पोरगा या वेळी काही बोलला नाही. पाकीट दिलं. आत पॅकेजचं पत्रक होतंच.